पोटावरची पिशवी आणि भिंतीवरचा कागद

बीपी, शुगर, थायरॉइड ही नावं आता हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातही सहज निघतात. गर्भाशय काढलं म्हणून सांगतानाही आताशा कुणी आवाज खाली आणत नाही. पण एखादीच्या पोटावर संडासची पिशवी लावलेली असेल, तर ती गोष्ट घराच्या उंबरठ्याबाहेर येत नाही. "तिचं पोटाचं ऑपरेशन झालं" एवढंच शेजारीपाजारी कळतं. मग ती बाई लग्नाला येत नाही, हरिपाठाला बसत नाही, एसटीत चढत नाही. गावाला वाटतं अजून अशक्तपणा असेल. प्रत्यक्षात तिला भीती असते ती वासाची आणि पिशवी सुटण्याची.

मैत्रिणींनो, आज जरा या पिशवीबद्दलच बोलू या. नाक मुरडू नका. उद्या आपल्या सासूवर, नवऱ्यावर, लेकरावर किंवा आपल्या स्वतःवरही ही वेळ येऊ शकते.

आतड्याचा किंवा गुदद्वाराचा कॅन्सर, आतड्याला पीळ पडणं, टायफॉइडनं किंवा टीबीनं आतडं फुटणं, अपघातात पोटाला मार लागणं, अशा कारणांनी डॉक्टरांना कधी कधी आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणून शिवावं लागतं. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात आणि ऑपरेशनला ऑस्टॉमी. मोठ्या आतड्याचं असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचं असेल तर इलिऑस्टॉमी, आणि लघवीचा रस्ता असा वळवला असेल तर युरोस्टॉमी. शीची जागा नसलेलं बाळ जन्मलं तर त्यालाही सुरुवातीला बहुतेक वेळा असाच तात्पुरता रस्ता करून देतात. कुणाची पिशवी काही महिन्यांत निघते, कुणाची जन्मभर राहते. स्टोमावर माणसाचा ताबा नसतो. मळ केव्हाही येतो, म्हणून त्यावर प्लेट चिकटवून पिशवी लावायची. एवढंच हे प्रकरण आहे. जीव वाचवण्यासाठी केलेली सोय आहे ती, शिक्षा नाही.

आमच्या कामरगावसारख्या गावात राहणाऱ्यांनी मोठं ऑपरेशन म्हटलं की अमरावती, अकोला, नाहीतर नागपूर गाठायचं. कॅन्सर असेल तर नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, नाहीतर थेट मुंबईचं टाटा. तिथं ऑपरेशन होतं, सरकारी योजनेतून पुष्कळांचा खर्चही भागतो. पण आठ-दहा दिवसांनी सुट्टी होते आणि माणूस पिशवीसकट गावात परत येतो. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. रात्री दोन वाजता पिशवी सुटली तर विचारायचं कुणाला?

आमच्या भागातल्या एका घरात मी महिनाभर जाऊन-येऊन होते. गावाचं नाव नको. पन्नाशीची बाई, आतड्यातली गाठ काढलेली. सुट्टीच्या कार्डावर गोळ्यांची नावं होती, टाके काढायची तारीख होती, पण पिशवीबद्दल एक ओळ नव्हती. तिथल्या सिस्टरनं सुनेला एकदा करून दाखवलं होतं, तेही घाईत, गाडी बाहेर उभी असताना. घरी आल्यावर जो तो आपापल्या परीनं सांगू लागला. एकीनं सांगितलं स्पिरिटनं पुसा. दुसऱ्यानं सांगितलं डेटॉल लावा, इन्फेक्शन होईल. तिसरीनं टाल्कम पावडर टाकायला सांगितली, शेजारणीनं खोबरेल तेल दिलं. सगळी माणसं चांगली, सगळ्यांचा हेतू चांगला. पण स्पिरिटनं कातडी भाजली, तेलानं आणि पावडरीनं प्लेट धरेना, गळती सुरू झाली आणि पंधरा दिवसांत स्टोमाभोवतीची जागा सोललेल्या टमाट्यासारखी झाली. बाईनं संध्याकाळचं जेवण सोडलं. "खाल्लंच नाई तर येईन कुठून माय?" असं ती मला म्हणाली. ऑपरेशननं वाचलेलं माणूस भुकेनं वाळत चाललं होतं.

शेवटी पुढच्या तपासणीला गेल्यावर तिथल्या एका अनुभवी सिस्टरनं प्लेट हातात घेतली, भोक बघितलं आणि कारण सांगितलं. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत सूज उतरते आणि तो लहान होतो. सून मात्र दवाखान्यात दिलेल्या पहिल्या मापानंच भोक कापत होती. मधल्या रिकाम्या जागेत मळ कातडीवर बसत होता. नवं माप घेतलं, भोक लहान केलं, तेल-पावडर-स्पिरिट बंद केलं. आठवडाभरात कातडी सुधारली आणि बाई जेवायला लागली.

कारण एवढं साधं होतं. औषध नव्हतं, इंजेक्शन नव्हतं. कुणीतरी योग्य वेळी योग्य प्रश्न विचारायचा होता : "भोकाचं माप शेवटचं केव्हा घेतलं?" हा प्रश्न ज्या सिस्टरला माहीत होता ती दीडशे-दोनशे किलोमीटरवर होती. आणि ज्या आमच्या जवळ होत्या, त्यांना कुणी तो शिकवला नव्हता.

याला उपाय काय? प्रत्येक गावात तज्ज्ञ सिस्टर नेमता येणार नाही, हे उघड आहे. पण तज्ज्ञ सिस्टरच्या डोक्यातले प्रश्न एका कागदावर उतरवून तो कागद प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लावता येतो. परदेशात यावर पुष्कळ काम झालं आहे. अमेरिकेत २०१० साली ऑस्टॉमीच्या शुश्रूषेसाठी असा पायरीपायरीचा प्रमाणित निर्णयक्रम तयार करून तो तज्ज्ञ परिचारिकांकडून तपासून घेण्यात आला. आधी स्टोमा बघा, मग भोवतीची कातडी बघा, मग पोटाची घडी-वळी बघा. असं दिसलं तर हे करा, तसं दिसलं तर ते करा, आणि अमुक दिसलं तर थांबा, डॉक्टरांना बोलवा. कातडी मोजायचीही एक पद्धत आहे. रंग बदलला का, सोललं का, मांस वाढलं का, या तीन गोष्टींना गुण द्यायचे. शून्य म्हणजे कातडी ठीक, पंधरा म्हणजे सगळ्यात वाईट. याचा फायदा असा, की सकाळच्या सिस्टरनं "थोडं लाल आहे" आणि रात्रीच्या सिस्टरनं "बरंच लाल आहे" असं मोघम लिहिण्याऐवजी दोघी एकाच भाषेत बोलतात. कालच्यापेक्षा आज बरं की वाईट, ते आकड्यात दिसतं.

असा कागद नेमकं काय करतो, ते एका उदाहरणानं सांगते. समजा कातडी लाल झाली. आपण सरसकट म्हणतो, "पिशवी सहन होत नाही." पण जाणकार सिस्टर विचारते, लाली आहे कुठे? स्टोमाच्या अगदी कडेनं गोल रिंगण असेल, तर बहुधा भोक मोठं झालंय, माप नव्यानं घ्या. एकाच बाजूला, खालच्या अंगाला असेल, तर तिथं पोटाला घडी किंवा खळगा आहे, तिथूनच गळतंय. तो खळगा पेस्टनं भरावा लागेल किंवा वेगळ्या आकाराची, आतून फुगीर प्लेट लागेल. प्लेटच्या अख्ख्या आकाराएवढी लाली असेल, तर त्या चिकट पदार्थाची ॲलर्जी असू शकते, दुसऱ्या बनावटीची प्लेट बघा. बारीक बारीक पुरळ, खाज आणि घाम असेल, तर बुरशीचा संशय घ्या, डॉक्टरांकडून त्याची पावडर लिहून घ्या. आणि कातडी सालपटासारखी निघाली असेल, तर प्लेट ओढून काढली जातेय. ओल्या फडक्यानं कातडी खाली दाबत दाबत हळू काढा. बघा, लाली एकच, पण कारणं पाच आणि उपाय पाच. अंदाजानं केलं तर पाचातले चार उपाय वाया जातात, आणि त्यात महागाच्या प्लेटाही.

मला या विषयाची आणखी एक गोष्ट फार आवडते. पिशवीची ही सगळी विद्या बायकांनी उभी केली आहे. १९५४ साली डेन्मार्कमधली एलिस सोरेनसन नावाची परिचारिका आपल्या बहिणीकडे, थोराकडे बघून कासावीस झाली होती. थोराला ऑस्टॉमी झालेली आणि गळतीच्या भीतीनं तिनं घराबाहेर पडणं सोडलेलं. एलिसला अंगाला चिकटणाऱ्या, वापरून फेकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना सुचली. एका प्लॅस्टिक कारखानदाराला ती पटवून दिली त्याच्या बायकोनं, जी स्वतः परिचारिका होती. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पिशव्यांची सुरुवात अशी झाली.

त्याच सुमारास अमेरिकेत नॉर्मा गिल नावाच्या गृहिणीचं इलिऑस्टॉमीचं ऑपरेशन झालं. ती नर्स नव्हती, डॉक्टर तर नव्हतीच. पण स्वतःची पिशवी सांभाळता सांभाळता ती दुसऱ्यांना शिकवू लागली. तिच्या सर्जननं, डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी, १९५८ साली तिला क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये याच कामासाठी घेतलं. १९६१ साली तिथं असं काम शिकवणारा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९७८ मध्ये या क्षेत्रातल्या परिचारिकांची जागतिक संघटना उभी राहिली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा रुग्णालयात स्टोमाचा वेगळा दवाखाना आहे आणि परिचारिकांसाठी याचा खास अभ्यासक्रमही चालतो. ऑस्टॉमी झालेल्यांसाठी काम करणारी ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच आहे. पण मुंबईची विद्या कारंजा-मानोऱ्यापर्यंत पोहोचायची कशी? एकेक सिस्टर मुंबईला जाऊन शिकून येईपर्यंत किती जणींच्या कातड्या सोलल्या जातील?

"गावातल्या बाईला कागद देऊन काय होणार?" असं कुणी म्हणत असेल, तर त्याला आपल्याच विदर्भातलं उत्तर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. श्वास किती मोजायचा, बाळ थंड पडलं का, दूध ओढतंय का, कोणती लक्षणं एकत्र दिसली तर जंतुसंसर्ग समजायचा, हे सगळं ठरवून दिलेलं, लिहून ठेवायचं. ३९ गावांत हे काम झालं. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानानं तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि जगानं दखल घेतली. २०११ पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात आणि ठरलेला फॉर्म भरतात. आपल्या दारात येणाऱ्या आशाताईच्या पिशवीतला तो कागद म्हणजे निर्णयाचा नकाशाच आहे.

आपल्या नर्सबाई आणि अंगणवाडीताईंना तीन रंगांचा तक्ताही ओळखीचा आहे. आजारी बाळाची लक्षणं बघायची. गुलाबी रकान्यात बसली तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात, पिवळ्यात बसली तर इथंच औषध, हिरव्यात बसली तर घरी काळजी. मग लहान बाळासाठी जे चालतं ते पोटावर पिशवी असलेल्या आजीसाठी का चालू नये?

माझ्या मनात असलेला कागद असा आहे.

हिरवा रकाना, घरी सांभाळा : स्टोमा लाल आणि ओलसर आहे, गालाच्या आतल्या बाजूसारखा. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरायचं नाही. भोवतीची कातडी बाकीच्या पोटासारखीच आहे. अशा वेळी साध्या कोमट पाण्यानं धुवायचं, मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं, तेल-स्पिरिट-डेटॉल काही नको. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, गच्च भरू द्यायची नाही, नाहीतर वजनानं सुटते. पहिले दोन महिने दर आठवड्याला माप घ्यायचं. भोक स्टोमापेक्षा फक्त दोन-तीन मिलिमीटर मोठं.

पिवळा रकाना, एक-दोन दिवसांत सिस्टरला दाखवा : कातडी लाल झाली, खाज सुटली, सोलली, किंवा प्लेट एक दिवसही टिकत नाही. सिस्टरनं मघाचे प्रश्न क्रमानं विचारायचे. माप केव्हा घेतलं? लाली कुठे आहे? काय काय लावता? प्लेट कशी काढता? बसल्यावर पोटाला घडी कुठे पडते? शेवटचा प्रश्न विचारताना बाईला खाटेवर झोपवून चालणार नाही, उठून बसवून बघायचं.

गुलाबी रकाना, त्याच दिवशी डॉक्टरांकडे : स्टोमा काळा, निळसर किंवा पांढराफटक पडला. रक्त थांबत नाही. आतडं एकाएकी खूप बाहेर आलं. पिशवीत काही तास काहीच आलं नाही आणि पोटात कळा, फुगारा, उलटी आहे. किंवा उलट, पिशवी पाण्यासारख्या मळानं पुन्हा पुन्हा भरतेय, तोंड कोरडं पडलंय, लघवी कमी झालीय, चक्कर येतेय. हा शेवटचा धोका इलिऑस्टॉमीच्या माणसाला जास्त. मीठ आणि पाणी दोन्ही जातात, म्हणून नुसतं पाणी न पिता ओआरएस द्यायचं आणि वाट न बघता निघायचं.

एवढंच. एका पानात मावतं. हा नमुना आहे, डॉक्टरांच्या जागी तो नाही. अंतिम कागद सर्जन आणि जाणकार परिचारिकांनी तपासूनच लागला पाहिजे.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एका सिस्टरशी बोलले तेव्हा ती वैतागून म्हणाली, "ताई, आधीच आमच्या मागे रजिस्टरं किती! त्यात आणखी एक कागद?" तिचं खरं आहे. आपल्या नर्सबायांचा पुष्कळ वेळ नोंदी करण्यात जातो. वर दुसरी भीती अशी, की कागदाकडे बघता बघता पेशंटकडे बघणं राहून जाईल. पण मी म्हणते तो कागद वर पाठवायच्या नोंदीचा नाही, हाताशी ठेवायच्या मदतीचा आहे. आणि चांगला कागद नजर झाकत नाही, नजर कुठे न्यायची ते दाखवतो. स्वयंपाकात मुरलेली बाईसुद्धा दिवाळीच्या अनारशाला प्रमाण बघतेच ना? तिला येत नाही म्हणून नाही, वर्षातून एकदा करतो ते चुकू नये म्हणून. ग्रामीण भागातल्या सिस्टरकडे ऑस्टॉमीचा पेशंट वर्षातून एखाद-दुसराच येतो. जे रोज करत नाही, त्यालाच कागद जास्त लागतो.

मोठमोठ्या सर्जननाही तो लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशन थिएटरसाठी १९ मुद्द्यांची एक यादी २००८ साली आणली. त्या कामाचे प्रमुख होते डॉ. अतुल गावंडे. त्यांचं घराणं आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं, उमरखेड तालुक्यातल्या उटीचं. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ही यादी वापरून बघितली. ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली. २००९ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. पेशंटचं नाव बरोबर आहे ना, ॲलर्जी विचारली का, कापसाचे बोळे मोजले का, असे ते साधे प्रश्न. लंडन-सिएटलच्या सर्जनना यादीची लाज वाटली नाही, तर आपल्याला का वाटावी?

मात्र परदेशी कागद जसाच्या तसा भाषांतर करून लावू नका, ही माझी आग्रहाची विनंती. आपल्या बायकांच्या कमरेला परकराची नाडी असते आणि ती नेमकी तिथंच आवळली जाते, जिथं स्टोमा असायची शक्यता असते. ऑपरेशनच्या आधी पोटावर स्टोमाची जागा खुणेनं ठरवतात. ती ठरवताना पेशंटला झोपवून, बसवून, उभं करून, वाकवून बघायचं आणि घडी, बेंबी, जुना व्रण, कमरेची रेषा टाळायची, हे सगळ्या मार्गदर्शक सूचनांत असतं. पण आपल्या बाईला मांडी घालून बसवलं का? उकिडवं बसवलं का? ती चुलीपाशी, धुण्याच्या दगडापाशी, निंदणाला अशीच बसते. तिची साडी नेसलेली असताना नाडी कुठे येते ते बघितलं का? आणि तिला स्वतःला ती जागा डोळ्यांनी दिसते का? नाही दिसली तर ती जन्मभर दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहील. पाच मिनिटांचं हे काम ऑपरेशनआधी झालं तर पुढची कित्येक वर्षं सोपी होतात. तातडीच्या ऑपरेशनला वेळ नसतो, मान्य. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनला तरी ही खूण झालीच पाहिजे, आणि आपण नातेवाइकांनी ती मागितली पाहिजे.

तसंच आपल्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो. घामानं प्लेट सुटते, बुरशी वाढते, इलिऑस्टॉमीच्या माणसाला पाणी लवकर कमी पडतं. थंड देशात लिहिलेल्या कागदात हे कसं येणार? जास्तीच्या प्लेटा उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका, त्यांचा चिकटपणा जातो, हेसुद्धा आपल्याच कागदात लिहावं लागेल.

आणि भाषा. कागद मराठीत हवा, मोठ्या अक्षरात, चित्रांसकट. "परिस्टोमल त्वचेचा क्षोभ" असं नको, "स्टोमाभोवतीची कातडी लाल झाली" असं हवं. कारण तो कागद सिस्टरनंतर ज्या हातात जाणार आहे तो हात सुनेचा, लेकीचा, बायकोचा आहे. आपल्याकडे घरातलं आजारपण बहुतेक बाईच काढते. तिला कुणी शिकवत नाही, चुकलं की बोल मात्र लागतो.

मग आपण काय करायचं? घरात असं ऑपरेशन झालं तर सुट्टी घेण्याआधी प्लेट बदलणं आपल्या हातानं दोन वेळा करून बघा, सिस्टरला शेजारी उभं करून. "एकदा दाखवलं ना" याला हो म्हणू नका. स्टोमाचा प्रकार कोणता, माप किती, कोणत्या नंबरची प्लेट, हे कार्डावर लिहून घ्या. अडचण आली की कुणाला फोन करायचा ते नावासकट लिहून घ्या. रेल्वेत रुग्णांना मिळणाऱ्या तिकीट सवलतीत ऑस्टॉमीच्या रुग्णांचाही समावेश आहे, त्याचं सर्टिफिकेट डॉक्टरांकडून मागा.

आणि मागणी करायची ती एवढी : जिथं असं ऑपरेशन होतं त्या प्रत्येक दवाखान्यानं सुट्टीच्या कार्डासोबत हा तीन रंगांचा मराठी कागद द्यावा. तोच कागद प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात लावावा. जिल्ह्यातल्या निदान दोन सिस्टरना याचं रीतसर शिक्षण मिळावं, म्हणजे कागदात न मावणारा पेशंट त्यांच्याकडे पाठवता येईल. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, त्यांच्या हातात फोन आहे. फोटो पाठवून त्या सिस्टरला विचारणं काही अवघड नाही. २०१८ साली वाशीमचं नाव देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलं. मोठ्या इमारतींची आकांक्षा असावीच, पण एका पानाच्या कागदाला बजेटही फारसं लागत नाही. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघतो तेव्हा महिला सदस्यांनी तो मांडावा. बचत गटानं ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावा.

पिशवी लावलेली बाई आंघोळ करू शकते, स्वयंपाक करू शकते, शेतात जाऊ शकते, प्रवास करू शकते, देवाला जाऊ शकते. तिच्या हातचं खायला काहीही हरकत नाही. तिला घरात बसवते ती पिशवी नाही, गळणारी पिशवी. आणि पिशवी का गळते, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या पाच प्रश्नांत असतं. ते प्रश्न आपल्या गावच्या दवाखान्याच्या भिंतीवर लागले पाहिजेत.